सिंगल बेल

रविवारी सकाळी अकरा वाजले की महाडच्या रघुवीररावांना घरात कुणी हाक मारायची नाही, असा नियम होता. नियम केला रघुवीररावांनी आणि पाळायचा प्रमोदिनीबाईंनी. घरात माणसंच दोन, तेव्हा दुसरं कोण पाळणार! रघुवीरराव गॅलरीत खुर्ची टाकून बसत, चष्मा पुसत, फोन हातात घेत, आणि मग चहा गार होवो की दूध उतू जावो, माणूस हलायचा नाही.

सत्तावीस वर्षं एसटीत काढली होती त्यांनी, त्यातली बहुतेक स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत. हातात माइक. "पोलादपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" असं त्यांनी म्हटलं की शंभर माणसं एकदम उठायची. बोचकी, पोरं, कोंबड्या घेऊन पळायची. निवृत्त झाले आणि आवाजाला गिऱ्हाईक उरलं नाही. घरात "अगं, पाणी आण" म्हटलं तर बाई म्हणत, "फलाट क्रमांक एकवर ठेवलंय, उठून घ्या."

अशा माणसाला फेसबुकवर 'डबल बेल' सापडला. हा एक ग्रुप. हजार-अकराशे माणसं, आणि सगळ्यांना एकच वेड: एसटीच्या गोष्टी. निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, मुंबईत जाऊन राहिलेली इकडची माणसं, गाडीचा पुसट फोटो बघून डेपो ओळखणारी पोरं. कुणी हौशी माणूस क्रमशः गोष्ट लिहायचा, दर रविवारी एक भाग, आणि बाकीचे त्यावर तुटून पडायचे. एकाने एकदा रेल्वेतली प्रेमकथा टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्याला भर रस्त्यात उतरवला.

ग्रुपची एक रीत होती. भाग आवडला, पुढचा येऊ दे असं वाटलं, की खाली लिहायचं, 'टिंग टिंग'. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली की गाडी हलते ना, तसं. आणि काही खटकलं, चुकलं असं वाटलं, तर एकदाच, 'टिंग'. म्हणजे थांबा. टिंग टिंग काय, कुणीही करतं. एक टिंग करायला छाती लागते, आणि डबल बेलवर ती एकाच माणसाची होती. "टिंग. एक बारीक दुरुस्ती. त्या साली या मार्गावर ही गाडी घाटातून जात नव्हती." रघुवीररावांनी असं लिहिलं की लेखक मुकाट्याने भाग बदलायचे. कुणी हुज्जत घातली नाही, कारण माणूस कधी चुकलाच नव्हता.

आता आमोदबद्दल सांगायला हवं. हा पोलादपूरच्या एका मास्तरांचा मुलगा, तिशीतला, पुण्यात नोकरीला. त्याने 'मुक्कामाची गाडी' लिहायला घेतली आणि ग्रुप वेडा झाला. वरंधच्या वर डोंगरात धारवाडी म्हणून वस्ती. रोज संध्याकाळी एसटी तिथे मुक्कामाला जायची आणि सकाळी खाली यायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण वाडीतली घरं पाळीपाळीने द्यायची. त्या पाळीत एक विधवा ठमाबाई, आणि गाडीवरचा ड्रायव्हर महिपती. बस, एवढंच. ती भाकरी द्यायची, तो रिकामा डबा घासून परत करायचा, आणि आठ भाग झाले तरी दोघं एकमेकांशी धड चार वाक्यं बोलली नव्हती. लोक नुसते तळमळत होते.

चौथ्या भागापासून आमोद शनिवारीच कच्चा भाग रघुवीररावांना पाठवायला लागला. "काका, जरा नजर टाका." आणि भागाच्या खाली ओळ: 'तपशील तपासणी: रघुवीरकाका, महाड.' ती ओळ रघुवीररावांनी न्हाव्याला दाखवली, मेडिकलवाल्याला दाखवली, वीजबिल भरायच्या रांगेत पुढच्या-मागच्या दोघांना दाखवली. हातात पुन्हा माइक आल्यासारखं झालं त्यांना.

आणि मग नवव्या भागाला ती उपटली.

स्नेहल. आडनाव नाही, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. गाव बिरवाडी, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. तिने टिंग टिंगही लिहिलं नाही, टिंगही नाही. तिने लिहिलं होतं: "महिपती डबा घासून परत देतो तेव्हा ठमाबाईला वाईट वाटतं, असं मला वाटलं. डबा खरकटा आला असता तर तो तिला घासायला मिळाला असता. घरचं माणूस डबा घासून देत नाही. घासून देतो तो पाहुणा."

तिच्या प्रतिसादाला एकशे ब्याण्णव लाल बदाम. आणि खाली आमोदचं उत्तर, चौदा ओळींचं. "हे मी लिहिलं खरं, पण मला तुमच्याकडून कळलं," वगैरे वगैरे.

रघुवीररावांनी त्याच भागाला लिहिलं होतं, "टिंग. एक बारीक दुरुस्ती. तेव्हाच्या गाड्यांना मागे शिडी होती, बाजूला नव्हे." त्याला आमोदकडून काय? एक अंगठा. पिवळा, ठेंगणा, उभा अंगठा!

"चौदा ओळी," रघुवीरराव म्हणाले.

"कसल्या?" प्रमोदिनीबाई आतून.

"काही नाही."

पण काही नाही कसं? बासष्ट वर्षांचा बाप्या, साखरेच्या गोळ्या चालू, आणि एका अनोळखी पोरीच्या नावाने जेवताना घास तोंडात फिरत होता. दहाव्या भागाला आमोदने तिला अकरा ओळी लिहिल्या. अकराव्या भागाला सतरा, वर विचारलंय काय, तर "पुढे ठमाबाईने काय करावं असं तुम्हाला वाटतं?" पहिल्या भागापासून दुरुस्त्या करतोय, मला कधी विचारलंस रे, ठमाबाईने काय करावं? शिडी कुठे होती तेवढं विचारायला मी, आणि मन कुठे होतं ते विचारायला ही!

"अहो, ओळी मोजताय की काय?" बाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. रघुवीररावांचं बोट फोनच्या काचेवर एकेक ओळ उतरत होतं.

"मोजतोय. मग?"

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माहेरी गेले की पत्र टाकायचे मी तुम्हाला. कधी दोन ओळींच्या वर उत्तर आलं नाही. 'पत्र पोचले. गाडी वेळेवर आहे.' आणि आता दुसऱ्यांच्या ओळी मोजताय? धन्य आहे!"

"लॅबमध्ये काम करते ती. रसायनं तपासणारीने रसायनं तपासावीत. एसटीतलं तिला काय कळतंय?"

"ती एसटीतलं कुठे बोलतेय? बाईमाणसाचं बोलतेय." बाईंनी फोन घेऊन स्नेहलचा प्रतिसाद वाचला, आणि वर म्हणतात कशा, "छान लिहिते हो पोरगी." असं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांदेखत, नवऱ्याच्याच फोनवरून तिला बदाम दिला. रघुवीररावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बदाम काढून घ्यायला गेले, तर घाईत दुसराच कसलातरी रडका चेहरा उमटला, तो काढता काढता घाम फुटला.

मग त्यांनीही हट्टाला पेटून मनाचं लिहून पाहिलं. दुपारभर बसून एक प्रतिसाद तयार केला: "ठमाबाईच्या डोळ्यांतील पाणी पाहून माझ्या डोळ्यांसमोर महाड-पोलादपूर शटल उभी राहिली." दोन बदाम आले. एक प्रमोदिनीबाईंचा, आणि दुसरा मालोजींचा. हे मालोजी म्हणजे पोलादपूरचे म्हातारे निवृत्त ड्रायव्हर. ते कुणी वारल्याच्या बातमीलाही बदाम द्यायचे, त्यामुळे तो काही धरायचा नाही.

पुढच्या शनिवारी कच्चा भाग आला. बारावा, शेवटचा. आणि सोबत आमोदचा निरोप.

"काका, हा भाग स्नेहललाही पाठवलाय. तिनेही आधी वाचावा असं वाटलं. एक प्रश्न आहे. महिपतीची बदली झालीय, धारवाडीतली त्याची शेवटची सकाळ. ठमाबाई त्याला निरोप द्यायला पोचते की नाही यावर सगळा शेवट आहे. मी असं लिहिलंय की गाडी रात्री तोंड डोंगराकडे करून उभी असायची आणि सकाळी निघताना वळवायचे. कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर हात मारून ड्रायव्हरला सांगायचा, मागे ये, मागे ये. त्या आवाजाने वाडी जागी व्हायची. ठमाबाईही त्यानेच उठते आणि धावत येते. हे स्नेहलनं सांगितलं. तुमची खात्री असेल तरच ठेवतो. तुम्ही म्हणाल ते फायनल."

रघुवीररावांनी निरोप दोनदा वाचला. स्नेहलनं सांगितलं. म्हणजे आता शिडीही तिची आणि मनही तिचंच!

आणि खोटं कशाला बोला, तिने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. रघुवीररावांना पक्कं ठाऊक होतं. धारवाडीची गाडी सकाळीच वळवायचे. मागचा पत्रा एका जागी चेपलेला असायचा त्या गाडीचा, हात मारून मारून. एका कंडक्टरला त्यांनी त्यावरून खिडकीशी उभं करून झापलंही होतं. तो काय म्हणाला होता तेही त्यांना आठवत होतं. सगळं आठवत होतं.

त्यांनी लिहिलं: "टिंग. हे चूक आहे. धारवाडीला गाडी रात्रीच वळवून, तोंड उताराला करून ठेवत. सकाळी पॅसेंजर बसले की ब्रेक सोडायचा, गाडी आपोआप घरंगळत खाली. इंजिन खालच्या वळणावर सुरू व्हायचं. आवाज नाही, काही नाही. पत्र्यावर हात मारणे वगैरे सिनेमात. या मुलीने हे कुठून आणलं कोण जाणे. ऐकीव माहितीवर लिहू नये."

पाठवलं. आणि इतकं बरं वाटलं म्हणता! दुसऱ्या एका वाडीत खरंच असं करत असत, त्यामुळे अगदीच हवेतलं नव्हतं, अशी स्वतःची समजूतही त्यांनी काढली. संध्याकाळी स्वतःहून बाजारात जाऊन बाईंसाठी सोनचाफा आणला. बाईंनी फुलांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "काय करून आलात?" त्या म्हणाल्या.

रविवारी भाग आला. आमोदने शेवट बदलला होता. ठमाबाई पहाटे उठून भाकऱ्या थापत असते, एवढी शेवटची भाकरी झाली की जाऊ, म्हणून घाईला आलेली. गाडी तर आधीच वळवून ठेवलेली. ब्रेक सुटतो, गाडी घरंगळत उतरते, कुणाला कळतही नाही. ती डबा घेऊन अंगणात येते तेव्हा चाकांच्या खुणा तेवढ्या असतात. खाली आमोदने लिहिलं होतं: 'हा शेवट रघुवीरकाकांचा. त्यांच्या एका दुरुस्तीने गोष्ट कुठल्या कुठे गेली. काका, दंडवत.'

ग्रुप ढसाढसा रडला. दुपारपर्यंत चारशेच्या वर प्रतिसाद. "काकांना सलाम." "काका, पुढची गोष्ट तुम्हीच सांगा." कुणी त्यांचं नाव लाल अक्षरात एसटीच्या पाटीवर लिहून चित्र टाकलं. मालोजींनी लिहिलं, "आमच्यात तर सकालीच वलवायचे. मी सोता हातानं वलवलीय. पन कंट्रोलरसायेब सांगतात म्हंजे बरोबर आसंल. माजाच डोका आता काम करीत नाय." आणि बदाम.

हा बदाम मात्र रघुवीररावांना टोचला. मालोजी स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवत होते.

पण त्याहून एक वेगळीच गंमत झाली. रघुवीरराव सगळ्या प्रतिसादांत एकच नाव शोधत होते. जास्वंदीचं फूल. ते नव्हतं. दुपारी नव्हतं, चार वाजता नव्हतं, सोमवारी सकाळी नव्हतं. जिच्या ओळी बघून अंगाची लाही व्हायची, तिच्या ओळी नाहीत म्हणून माणूस बेचैन. हरली की ती. मग निदान हरल्याचं तरी लिहावं! चिडावं, भांडावं. दर पाच मिनिटांनी फोन उघडायचा, वरपासून खालपर्यंत बघायचा आणि मिटायचा. "सापडली का?" बाईंनी विचारलं. कोण ते विचारायची गरजही त्यांना पडली नाही.

मंगळवारी दुपारी तिचा निरोप आला. ग्रुपवर नाही, एकट्या रघुवीररावांना.

"नमस्कार काका. तुम्ही म्हणता म्हणजे गाडी रात्रीच वळवत असतील. मी तेव्हा आठ वर्षांची होते, त्यामुळे माझंच चुकत असेल. आमचं घर धारवाडीत होतं. माझे बाबा त्या गाडीवर कंडक्टर होते, काशीराम. आठवड्यातून तीन दिवस त्यांना ती ड्यूटी असायची, मुक्काम आपल्याच घरी. सकाळी ते पत्र्यावर हात मारायचे आणि मी अंथरुणातून उठून दारात यायचे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मी पाचवीत असताना ते गेले. त्यांचा एकच फोटो आहे, आवाज तर कुठेच नाही. तो पत्र्याचा आवाज तेवढा होता. आईला विचारावं तर तीही आता नाही.

मी डबल बेलवर गोष्टी वाचायला आले नव्हते. तुमच्या दुरुस्त्या वाचायला आले होते. शिडी मागे होती, तिकिटाचा ट्रे असा होता, पंच असा वाजायचा. बाबा घरी असंच बोलायचे. तुमची एक टिंग वाचली की ते आत्ताच घरात येऊन गेल्यासारखं वाटायचं. सगळ्या वाचल्यात मी, पहिल्यापासून. मग धीर करून लिहायला लागले.

राग नाही काका. फक्त एक विचारायचं होतं. गाडी रात्रीच वळवत असतील, तर मला ऐकू यायचा तो आवाज कसला होता?"

रघुवीरराव खुर्चीत बसूनच राहिले. चष्मा काढला, परत लावला. सहा महिने ते ज्या वाचकाला शोधत होते, दुरुस्तीतलं अक्षर न् अक्षर जपून वाचणाऱ्या वाचकाला, तो हा होता. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत बसून ती त्यांची एकेक टिंग वाचत होती. आणि त्यांनी तिच्या बापाचा हातच खोटा ठरवला होता. काशीराम! ज्याला त्यांनी खिडकीशी उभं केलं होतं, तोच काशीराम. उंच, किडकिडीत, बोलताना मान तिरकी करणारा.

"प्रमोदिनी," त्यांनी हाक मारली. बाई आल्या, निरोप वाचला, आणि मग नवऱ्याने आमोदला पाठवलेला निरोपही स्वतःच वर सरकवून वाचला. फोन त्यांनी नवऱ्याच्या हातात परत ठेवला. टोमणा नाही, काही नाही. त्याने रघुवीररावांना जास्त लागलं.

"तिला एकटीला सांगू का खरं?" त्यांनी विचारलं.

"खोटं किती जणांना सांगितलंत?"

शेवटच्या भागाच्या खाली त्या चारशे कौतुकांच्या शेपटाला रघुवीररावांनी लिहायला घेतलं. तीन शब्दांत दोन पुसावे लागत होते.

"टिंग. ही दुरुस्ती बारीक नाही. धारवाडीची गाडी सकाळीच वळवायचे. स्नेहलने सांगितलेलं सगळं खरं आहे. मला ते माहीत होतं. मी चुकलो नाही, मी खोटं लिहिलं. आमोद तिला जास्त ओळी लिहितो म्हणून मला तिचा हेवा वाटला, दुसरं कारण नाही. मालोजी, तुमचं डोकं शाबूत आहे. माफी.

स्नेहल, तो आवाज तुझ्या बाबांचाच. पत्र्यावर दोन ठोके म्हणजे मागे ये, एक ठोका म्हणजे थांब. सगळे कंडक्टर तेवढेच मारत. गाडीचा पत्रा चेपला म्हणून मी काशीरामला एकदा स्टँडवर चार माणसांत झापलं. म्हटलं, गाडी थांबल्यावरही तू एक जादा ठोका मारतोस, तो कशासाठी? तो म्हणाला, साहेब, तो गाडीला नाय. पोरगी त्यावर उठते. मी त्याला लेखी खुलासा द्यायला लावला. त्याने दिला. त्यात हे कारण लिहिलं नाही, नुसतं 'पुन्हा असे होणार नाही' लिहिलं. पण पत्रा पुढेही चेपतच राहिला."

पाठवलं आणि फोन पालथा घातला.

व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत पाटीवरचं त्यांचं नाव कुणीतरी काढून टाकलं. "शेवट खोटा निघाला" म्हणून लोकांनी थयथयाट केला. कुणीतरी जुन्या सगळ्या दुरुस्त्या पुन्हा तपासायला हव्यात असं लिहिलं, त्याला साठ बदाम. आमोदने भागाखालची ओळ पुसली आणि रघुवीररावांना एकच निरोप पाठवला, "काका, हे अपेक्षित नव्हतं." शनिवार आला तसा गेला, कच्चं काही आलं नाही. मालोजींनी तेवढा बदाम दिला.

रविवारी अकरा वाजता रघुवीरराव सवयीने गॅलरीत जाऊन बसले. वाचायला काही नव्हतं. तरी फोन उघडला, आणि त्यांच्या त्या दुरुस्तीखाली जास्वंदीचं फूल होतं. चौदा ओळी नव्हत्या. एकच होती.

"तो जादा ठोका मला माहीत नव्हता. टिंग टिंग, काका."

रघुवीररावांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. बाईंनी चहा आणून ठेवला, नियम मोडून दोनदा हाक मारली, चहावर साय धरली. काशीराम ट्रे डाव्या हातात धरायचा की उजव्या, ते आठवत रघुवीरराव तसेच बसून होते.